बार न काढता

वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या बँकेपुढे रोकड आणणारी गाडी थांबली की आधी उतरतो तो दुनळीवाला. पेटीवाले त्याच्यानंतर. हा पेटीकडे ढुंकूनही बघत नाही. तो बघतो रस्त्याकडे: रिक्षा, दुचाक्या, शहाळेवाला, उगाच रेंगाळणारा एखादा पोरगा. नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब. पेटी आत जाते, सह्या होतात, मंडळी गाडीत बसतात, दार धाडकन लागतं. नाशिकच्या इंदिरानगरात राहायला आल्यापासून मी हे बघते आहे आणि त्या बंदुकीचा आवाज अजून ऐकलेला नाही.

केंद्रीय गृहखात्याने २०१८ मध्ये या गाड्यांसाठी नियम केले. शहरात रात्री ९ नंतर, खेडेगावात संध्याकाळी ६ नंतर आणि नक्षलग्रस्त भागात दुपारी ४ नंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. एका फेरीला ५ कोटींपेक्षा जास्त रक्कम न्यायची नाही. सोबत दोन हत्यारी रक्षक हवेत. आणि त्यांच्या गोळ्या दर दोन वर्षांनी बदलायच्या. हा शेवटचा नियम मला फार आवडला. दोन वर्षांत त्या उडणार नाहीत, हे सरकार धरूनच चाललंय.

*

आमच्या इमारतीतले हवालदारकाका तोफखान्यातून निवृत्त झाले. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला त्यांचं प्रशिक्षण झालं, मग देशभर बदल्या, शेवटी घर घेतलं ते इथेच. पेन्शन सुरू झाल्यावर काही वर्षं तेही अशाच गाडीवर गनमन होते. बारा बोअरची दुनळी त्यांची स्वतःची, परवानाही त्यांच्याच नावावर.

"काका, नोकरीवर कधी उडवली का हो?"

"नाही ताई. उडवायची वेळ आली असती तर नोकरी फसली म्हणायची."

त्यांच्या मते बंदूक दिसली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं डोळ्यांचं. आणि पायांचं, कारण दिवसभर उभं राहावं लागतं. पाठदुखी, वेळी-अवेळी जेवण आणि लघवीला जायची पंचाईत, गनमनच्या नोकरीबद्दल ते सांगतात ते एवढंच. सिनेमातला कोणताही बंदूकवाला या तीन गोष्टींबद्दल कधी बोललेला नाही.

*

काकांची दुनळी लोखंडी कपाटात असते, मोडून ठेवलेली. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' छाप काडतुसं, त्यांचा हिशेब परवान्यावर. महिन्या-दोन महिन्यांतून एका सकाळी ते गॅलरीत वर्तमानपत्र पसरतात, नळ्यांतून गज फिरवतात, तेलाचा बोळा ओढतात आणि नळी उजेडाकडे धरून आत बघतात. दुनळी मोडली की ती भरलेली आहे की रिकामी हे लांबूनही दिसतं. काकांना ती पिस्तुलापेक्षा बरी वाटते ती त्यामुळेच. पिस्तुलाचं पोट कळत नाही, म्हणतात.

सुट्टीत नातवंडं यायची असली की बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे जमा होते. त्याचं भाडं पडतं. काकू म्हणतात, "पोरांच्या आंब्यांना हात आखडतो आणि हिच्या भाड्याला नाही." रात्री ते कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघतात आणि गॅसचा खटका एकदाही बघत नाहीत, हीही काकूंची तक्रार आहे. गावाला लग्नाला जायचं तर दोघांनी एकदम जावं की नको, यावर दर वेळी खल होतो.

हत्यार घरात ठेवणं म्हणजे मुख्यतः असला संसार. गोळी झाडण्याचा प्रश्न आलाच तर आयुष्यात एखाद्या वेळी येईल, आणि बहुतेकांच्या आयुष्यात येतही नाही. कुलपाचा प्रश्न मात्र रोजचा आहे.

*

खंडेनवमीला काका दुनळीला हळद-कुंकू वाहतात. फूल नळीत खोचत नाहीत, बाजूला ठेवतात.

*

संध्याकाळी सातच्या सुमारास इंदिरानगरच्या बोगद्यात अडकावं, म्हणजे माणसाच्या जातीची ओळख पटते. महामार्गाखालची ती एवढीशी जागा आणि दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या गाड्या. हॉर्न, आयमाय, काच खाली करून दाखवलेले डोळे. या गर्दीतल्या एखाद्याच्या कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर असू शकतं. तो कसा वागेल यावरून त्याला परवाना द्यायचा की नाही ते ठरवावं, असं मला वाटतं. बाकीचे कागद नंतर बघावेत.

काकांचा याबाबतीत एक किस्सा आहे. पार्किंगवरून सोसायटीतल्या एका तरुणाने त्यांना सगळ्यांदेखत नको ते सुनावलं. काका ऐकून घेऊन वर गेले. मी म्हटलं, "तुम्ही एवढे फौजी, आणि एक शब्द नाही?" तर म्हणाले, "ताई, घरात हत्यार आलं त्या दिवशी माझा भांडायचा हक्क गेला. मी नुसता आवाज चढवला तरी समोरच्याला माझं कपाट आठवणार."

यावर मी बराच विचार केला. ज्याच्याकडे बंदूक असते त्याची हिंमत वाढते, असं आपण ऐकत आलो. इथे तिने एका माणसाला पार्किंगमधलं रास्त भांडणही सोडायला लावलं. आणि काकांचं म्हणणं खरं आहे. ज्याच्याकडे हत्यार आहे त्याचं कोणतंही भांडण हत्याराचंच भांडण होतं, मग ते बाहेर निघो न निघो.

*

उलट उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. जागेचा वाद होता. त्याचं चित्रण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. निकाल न्यायालय देईल. सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, मुंबईत अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात हत्या झाली. मारणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःलाही गोळी घातली. पिस्तूल त्याचं नव्हतंच, ते त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेता गोविंदा पहाटे विमान पकडायच्या घाईत होता. परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात शिरली.

पहिल्यात रागाचा प्रश्न, दुसऱ्यात चावी कोणाकडे याचा, तिसऱ्यात घाईचा. तिन्ही हत्यारं घेताना कारण दिलं असणार जिवाच्या संरक्षणाचं, आणि तिन्ही वेळा ज्याच्यापासून संरक्षण हवं तो चोर-दरोडेखोर कुठेच नव्हता.

जुनी माणसं सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. जुन्या बनावटीच्या हत्यारात घोडा सरळ काडतुसावर टेकलेला असतो. ते दगडी फरशीवर पडलं की उडू शकतं. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे टाळणारा अडसर असतो. तरी काका म्हणतात, पाचच भरा. सहाव्या गोळीची गरज पडणाऱ्याला पाचांनीही वाचवलं नसतं.

*

इंदिरानगरातला खरा धोका म्हणजे सोनसाखळी. सकाळी जॉगिंग ट्रॅककडे जाताना किंवा संध्याकाळी भाजी घेऊन येताना मागून दुचाकी येते, मागे बसलेला हात टाकतो आणि आपल्याला कळेपर्यंत ते वळणाच्या पलीकडे गेलेले असतात. गळ्यावर ओरखडा उठतो, कधी बाई पडून हाड मोडतं. नव्या न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, असं हिसकावणं कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा झालं आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

या गुन्ह्यापुढे पिस्तुलाचा उपयोग काय? शून्य. ते पर्समध्ये, पर्सला चेन, चेनमध्ये रुमाल अडकलेला. आणि समजा निघालंच बाहेर, तर समोर काय आहे? पाठमोरी दुचाकी, तिच्यापुढे शाळेची व्हॅन, दूधवाला, रथचक्र चौकातली गर्दी. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालून वर स्वसंरक्षण म्हणणं कोर्टात फार जड जातं.

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत १ लाख २२ हजार. म्हणजे त्या वेळच्या भावाने चारेक तोळे सोनं! दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर वर्षभराने ते आलं आणि नावही त्यावरूनच बेतलेलं. विचार चांगला असेल. पण एक तोळ्याची पोत वाचवायला चार तोळ्यांचं हत्यार गळ्यात घालायचं, आणि मग ते हिसकावलं जाऊ नये म्हणून काय घालायचं?

आमच्या ट्रॅकवरच्या बायकांनी आपला तोडगा केव्हाच काढला आहे. खरं मंगळसूत्र लॉकरमध्ये, गळ्यात बेन्टेक्सचं, वरून ओढणी. एकीचं बेन्टेक्स खरोखर ओढून नेलं तेव्हा ती आठवडाभर हसत होती.

*

कायदा. भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती ती आता न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली, गाभा तोच. जिवावर बेतलं तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत मुभा आहे. पण पोलिसांकडे जायला वेळ होता का, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली का, हे दोन प्रश्न पाठ सोडत नाहीत. गुजरातमधल्या एका खटल्यात काही लोकांनी वाटेत एकाची गाडी अडवायचा प्रयत्न केला. त्याने आतूनच, कोणावर नेम न धरता, लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या आणि एक जण मेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याला स्वसंरक्षणाची ढाल मिळाली नाही.

भीती खरी असू शकते आणि तरी गोळी चुकीची असू शकते. परवाना घेणाऱ्याकडून अर्जासोबत हे एकदा हाताने लिहून घ्यावं.

*

नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच दिवशी दोन बिबटे शहरात शिरले. एक सिडकोत सावतानगरला, दुसरा आमच्या शेजारच्या गोविंदनगरात. वनखात्याची माणसं आली तीही बंदूक घेऊनच, फक्त तिच्यात भुलीचं इंजेक्शन. त्या बंदुकीचा हिशेबच निराळा. जनावराचं वजन अंदाजायचं, त्यावर औषधाची मात्रा. कमी झाली तर ते उठून अंगावर येणार, जास्त झाली तर मरणार. डार्ट लागल्यावरही लगेच काही होत नाही, थांबावं लागतं. आणि थांबायचं ते आपल्या नाशिककरांच्या मोबाइलधारी गर्दीत, गच्च्यांवरून चाललेल्या आरडाओरड्यात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात एक कलम आहे, अकरावं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा नाही. पण ती वेळ तुमच्याच बेकायदा कृत्यामुळे आली असेल तर ही सवलत नाही. शिवाय मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता. कातडं भिंतीवर लावायचं नाही. माणसांबद्दलच्या कायद्यापेक्षा हे मला जास्त सरळ लिहिलेलं वाटतं. जीव वाचवा, पण त्यातून मिरवायला काही मिळणार नाही.

*

मिरवणं हाच रोग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा आकडा लोकांसमोर आला. बाराशेच्या वर. मग कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे, हवेत बार काढणाऱ्यांचे जुने व्हिडिओ बाहेर पडले, फेरतपासणी झाली, परवाने रद्द होऊ लागले. हवेत बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात वेगळा गुन्हाच आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. दोन तरी कशाला लागतात, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि हे सगळं परवानावाल्यांचं. बिनपरवान्याचा कट्टा मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीहून येतो, हे आपल्याकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या पोरालाही पाठ आहे. "गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त" ही चौकट आतल्या पानावर नसली तर अंक अपुरा वाटतो. पकडलेल्यांची वयं बघवत नाहीत.

*

नाशकातलं सर्वांत गाजलेलं पिस्तूल अर्थात १९०९ चं. २१ डिसेंबर, विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला घातलेल्या गोळ्या. ते ब्राउनिंग लंडनहून लपवून आणलेलं होतं. त्याचा हेतू एकच होता आणि तो लपवलेला नव्हता, म्हणून ते या टिपणांत बसत नाही. पण त्या काळी १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवता येत नव्हतं आणि गोऱ्याला मोकळीक होती, याचा सल पुढे कितीतरी वर्षं राहिला. डॉ. मुंज्यांनी १९३७ मध्ये इथे भोसला मिलिटरी स्कूल काढलं त्यात तो सल होताच. आज परवाना मागायला येणारा 'सुरक्षितता' लिहितो आणि त्याच्या मनात 'मान' असतो, त्याचंही एक मूळ तिथे असावं. गोऱ्या साहेबाकडे होती ती वस्तू.

*

टेक्सासमधल्या मावसभावाचा फोन. तिकडे सप्टेंबर २०२१ पासून परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येतं. त्याच्याकडे नाही. पण दुकानांच्या, देवळांच्या दारांवर ३०.०६ आणि ३०.०७ असे आकडे लिहिलेल्या पाट्या असतात. पहिली लपवलेलं हत्यार आत आणू नका म्हणून, दुसरी उघड दिसणारं आणू नका म्हणून. "आपल्याकडे 'चपला बाहेर काढा' असतं ना, तसं," म्हणाला. त्याचा एक शेजारी रोज पिस्तूल बाळगतो, आणि बारमध्ये जाणं त्याने त्यापायी सोडून दिलं आहे. म्हणजे तिकडेही एक हवालदारकाका आहेतच.

*

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलिसांत जमा करायची. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, वर्षात दोनदा. बँकांच्या आणि रोकड गाड्यांच्या रक्षकांना सहसा सूट मिळते. काका नोकरीत होते तोवर त्यांना मिळायची, आता नाही. सरसकट सगळ्यांची हत्यारं घेऊ नयेत, समितीने एकेकाचं प्रकरण बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगून ठेवलं आहे. कोकणातल्या शेतकऱ्याचं दुखणं यात मोठं. त्याची ठासणीची बंदूक रानडुकरांसाठी, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

काकांना मात्र जमा करण्याचा त्रास वाटत नाही. ठाण्यात पावती घेऊन येतात आणि ते दोन महिने काकूंना घेऊन गावोगाव फिरतात. गेल्या खेपेला पंढरपूर-तुळजापूर करून आले. परत आणायला मुदत उलटेपर्यंत गेले नाहीत, शेवटी ठाण्यातूनच फोन आला.

*

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, की ते वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. काकांची सत्तरी आली. मुलगा हिंजवडीला. त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "बाबा, आमच्या सोसायटीत कुत्रा पाळायला एनओसी लागते." दुकानदाराने दुनळीची जी किंमत सांगितली त्यात लोखंडी कपाटही आलं नसतं. मुलीने विचारलं, मला चालेल का? तिची एनसीसी झालेली, नेम चांगला. काका दोन दिवस गप्प. मग तिला म्हणाले, आधी वर्षभर नुसती साफ करायला ये.

तोवर नूतनीकरणाचा अर्ज गेला आहे. आता परवाना पाच वर्षांचा असतो. परवा चौकशीला इंदिरानगर ठाण्यातून एक जण आले होते, आमच्याकडेही डोकावले. चहा घेतला.

"यांचं कोणाशी भांडण, वादावादी?"

मी पार्किंगचा किस्सा सांगितला, सगळा.

"म्हणजे ते काहीच बोलले नाहीत?"

"नाही."

त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. "त्या पोराचा फ्लॅट कितवा?" असं विचारून वर गेले.